संगणक दोन, मुले तेवीस

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा असून तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गाचा पट २३ आहे. गावाने लोकवर्गणीतून दोन संगणक दिले, पण दुपारी वीज बऱ्याचदा नसते. सध्या एक मूल पेंटमध्ये चित्र काढते आणि बाकीची मागे उभी राहून पाहतात. पालक मात्र ‘मुले कॉम्प्युटर कधी शिकणार?’ असे विचारत असतात. सुरुवात कशाने करावी?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : मागे उभ्या राहणाऱ्या मुलांपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. यंत्राला सूचना द्यायची ती नेमकी, क्रमाने आणि काहीही गृहीत न धरता, ही या विषयातली मूळ समज आहे आणि ती यायला वीज लागत नाही.

शाळेच्या अंगणात चार बाय चार ठिपक्यांची रांगोळी मांडा. एका मुलाने कोपऱ्यातल्या ठिपक्यावर उभे राहावे आणि दुसऱ्याने केवळ तोंडी सूचना देऊन त्याला चौकोनावरून फिरवून आणावे. चालणाऱ्याने सांगितले तेवढेच करायचे, मनाने काही सुधारून घ्यायचे नाही, ही अट कसोशीने पाळा. कोणीतरी नुसते ‘वळ’ म्हणेल आणि चालणारा जागीच थांबेल. कुठे वळायचे ते सांगायचेच राहिले, हे मुलांना स्वतः शोधू द्या. पुढे ‘तीन ठिपके पुढे जा, उजवीकडे वळ’ हेच चार वेळा सांगायचे आहे, असे एखाद्या मुलाच्या लक्षात आले की पुनरावृत्तीची आज्ञा त्याला समजली. संगणकशास्त्रज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी तयार केलेल्या ‘लोगो’ या संगणकाच्या भाषेतले, सांगू तशी रेघ ओढत फिरणारे कासव याच रीतीने चालते. पडद्यावरचे ठोकळे जोडून आज्ञा देण्याचे ‘स्क्रॅच’ हे सॉफ्टवेअर एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. अंगणातला चौकोन जमल्यावर तोच तिथे काढायला लावा.

वीज असेल तेव्हा प्रत्येक संगणकावर दोघांना बसवा. एकाने कळा दाबाव्यात, दुसऱ्याने सांगावे आणि दहा मिनिटांनी जागा बदलावी. या वेळेत मराठी टंकलेखन अवश्य घ्या, आणि तेही रोमन अक्षरांची सवय लागण्याआधी. ‘इनस्क्रिप्ट’ या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकाची रचना आपल्या वर्णमालेला धरून आहे : ‘क’च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’, ‘त’च्या कळेवर ‘थ’. स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘कमल’ हे नाव रोमनमध्ये पाच कळांचे, इथे तीनच कळांचे. नुकतीच बाराखडी पक्की झालेल्या मुलांना ही मांडणी मोठ्यांपेक्षा लवकर हाताळता येते.

घरच्या फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे परिपाठात अधूनमधून बोलत राहा, कारण बहुतेक मुलांच्या हातात पहिल्यांदा येतो तो फोनच.

पालकांना सांगा की, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगची, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून देण्याची, अपेक्षा सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आहे, त्यामुळे आपली मुले मागे पडलेली नाहीत. पुढच्या पालकसभेत एका पालकालाच ठिपक्यांवर उभे करा आणि सूचना तिसरीतल्या मुलाला देऊ द्या.