चव तीच, रूप तेच, मग बदलते काय?

वाचकांचे प्रश्न : ख्रिस्तप्रसाद (मिस्सा या कॅथलिक उपासनेत दिली जाणारी ओस्ती, म्हणजे गव्हाच्या पिठाची पातळ चकती, आणि द्राक्षारस)

प्रश्न : फादर, माझी मुलगी यंदा पहिला ख्रिस्तप्रसाद घेणार आहे. तयारीच्या वर्गातून घरी आल्यावर तिने विचारले, "ओस्ती आधीही पिठाची असते आणि नंतरही तशीच लागते, असे मोठी मुले सांगतात. मग ती येशूचे शरीर कशी?" मोठी झालीस की कळेल, असे सांगून मी वेळ मारून नेली, पण खरे तर मलाही ते नीट सांगता येत नाही.
(एक माता, वसई तालुका)

उत्तर : आपल्या मुलीची तयारी उत्तम चालली आहे, असे मी म्हणेन. 1910 साली पोप दहावे पायस यांनी साधारण सातव्या वर्षी, म्हणजे समज येऊ लागताच, मुलांना ख्रिस्तप्रसाद द्यावा असे ठरवून दिले, तेव्हा त्यांनी मुलांकडून पांडित्याची अपेक्षा केली नव्हती. ही भाकर रोजच्या भाकरीहून वेगळी आहे एवढे आपल्या वयाच्या मानाने मुलाला उमगावे, इतकेच त्यांना पुरेसे वाटले होते. आपली मुलगी नेमके त्या वेगळेपणाविषयीच विचारते आहे.

तिला प्रथम हे मोकळेपणाने सांगावे की मोठी मुले खोटे बोलत नाहीत. चव बदलते, रंग बदलतो किंवा वजन बदलते, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेले नाही. मिस्सामध्ये "हे माझे शरीर आहे" हे प्रभूचे शब्द धर्मगुरूंनी उच्चारल्यानंतरही ती पातळ चकती प्रयोगशाळेत तपासली तर गव्हाचेच गुणधर्म आढळतील. ज्यांना गव्हातील ग्लूटेन सोसत नाही, त्यांना मिस्सानंतरची ओस्तीही बाधते; म्हणूनच अशा भाविकांना अत्यल्प ग्लूटेनची ओस्ती घेण्याची किंवा केवळ चषकातून ख्रिस्तरक्त प्राशन करण्याची मुभा आहे. बाह्य गुण जसेच्या तसे राहतात, ही गोष्ट ख्रिस्तसभा किती गांभीर्याने घेते, ते या साध्या व्यवस्थेवरून दिसते.

मग बदलते काय? एखादी वस्तू दिसते कशी, लागते कशी हा एक प्रश्न आणि ती मुळात आहे काय हा दुसरा प्रश्न, असा भेद तत्त्वचिंतकांनी पूर्वीपासून केला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी त्या भेदाच्या आधारे मांडणी केली, की मिस्सामध्ये भाकरीचे आणि द्राक्षारसाचे रूप कायम राहते, पण त्यांचे मूळ तत्त्व ख्रिस्ताच्या शरीरात आणि रक्तात परिवर्तित होते. परिवर्तनाची ही भाषा 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने (बिशपांच्या सार्वत्रिक सभेने) त्यांच्या आधीच स्वीकारली होती आणि 1551 साली ट्रेंट येथील परिषदेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. श्रद्धा मात्र या भाषेहून पुष्कळ जुनी आहे. योहानकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून पाहावा. आपला देह हे खरे अन्न आणि आपले रक्त हे खरे पेय आहे, असे प्रभू सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी अनेक शिष्यांना ते बोलणे जड जाते आणि ते त्याला सोडून निघून जातात, मी केवळ प्रतीकाच्या भाषेत बोललो होतो, असा खुलासा करून प्रभू त्यांना परत बोलावत नाही, उलट उरलेल्या बाराजणांनाही "तुम्हालाही जायचे आहे का?" असे विचारतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात पुष्कळदा नोटेचे उदाहरण देतात : कागद तोच, पण त्यावर रिझर्व्ह बँकेची मोहर उमटली की त्याची पाचशे रुपयांची नोट होते. मला हे उदाहरण अर्धवट वाटते. नोटेचे मोल आपण सर्वांनी मान्य केले म्हणून असते, ते उद्या काढूनही घेता येते, आणि तसे होताना आपण पाहिलेलेही आहे. ख्रिस्ताची उपस्थिती आपल्या मान्यतेवर अवलंबून नसते. मिस्साला आलेल्या एकाही माणसाचे लक्ष नसले तरी ती असतेच.

मुलीला समजावण्याचा याहून चांगला मार्ग देवळातच आहे. येत्या रविवारी तिला पुढच्या बाकावर बसवा आणि ख्रिस्तप्रसाद वाटून झाल्यावर धर्मगुरू वेदीवर काय करतात ते पाहायला सांगा. ते ताटलीत उरलेले बारीकसारीक कणही बोटाने चषकात उतरवतात, त्यात पाणी घालतात, ते पाणी स्वतः पितात आणि मग चषक स्वच्छ कापडाने पुसून ठेवतात. भाकरीचे रूप जोवर टिकून आहे तोवर ख्रिस्त तिथे उपस्थित आहे, म्हणून एक कणही वाया जाऊ द्यायचा नाही, हा त्यामागचा भाव आहे. मुले असे पाहून पटकन शिकतात.

आणखी एक गोष्ट तिला आताच सांगितलेली बरी. वेदीवर जे घडते ते केवळ अंतिम भोजनाची आठवण म्हणून होत नाही. क्रूसावर ख्रिस्ताने जे बलिदान एकदाच आणि कायमचे केले, तेच बलिदान मिस्सामध्ये आपल्यासमोर उपस्थित होते. ते पुन्हा केले जात नाही. आपण त्या बलिदानात सामील होतो आणि मग त्याच वेदीवरून आपल्याला अन्न मिळते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तप्रसादाच्या या बलिदानाला ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि शिखर म्हटले, त्यामागे हाच विचार आहे.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या लग्नाच्या मिस्साला माझे एक हिंदू स्नेही आले होते. ते इतरांबरोबर रांगेत उभे राहिले आणि ऐन वेळी त्यांना ख्रिस्तप्रसाद नाकारण्यात आला. "आमच्या देवळात प्रसाद सर्वांना देतात," असे ते मागाहून म्हणाले, तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले.
(एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपल्या स्नेह्यांचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. प्रसाद नाकारू नये आणि कोणाला नाकारला जाऊ नये, हा महाराष्ट्रातील प्रत्येक घराचा संस्कार आहे, आणि त्यांनी आदरापोटीच हात पुढे केला असणार. तथापि ख्रिस्तप्रसाद स्वीकारणे ही श्रद्धेची जाहीर कबुली असते. धर्मगुरू "ख्रिस्ताचे शरीर" असे म्हणतात आणि घेणारा "आमेन" म्हणतो, म्हणजेच ही श्रद्धा आपलीही आहे आणि आपण या ख्रिस्तसभेचे अवयव आहोत, असे तो सर्वांसमक्ष सांगतो. ज्याची तशी श्रद्धा नाही त्याच्याकडून ती वदवून घेणे हा त्याच्याच श्रद्धेचा अनादर ठरेल. आरंभीच्या शतकांत तर बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांनाही वाचने आणि प्रवचन संपल्यावर निरोप दिला जात असे. आजही काही अपवाद सोडले तर इतर पंथांच्या ख्रिस्ती बांधवांना आपल्या मिस्सात ख्रिस्तप्रसाद दिला जात नाही, आणि गंभीर पापाची जाणीव असलेला कॅथलिकही पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापांची कबुली, केल्यावाचून रांगेत जात नाही.

चूक झाली ती यजमानांकडून. लग्नाच्या मिस्साला पाहुणे येणार हे ठाऊक असताना, ख्रिस्तप्रसादाच्या आधी दोन वाक्यांची सौजन्यपूर्ण सूचना मराठीतून करायला काय हरकत होती? काही ठिकाणी पाहुण्यांना छातीवर हात दुमडून रांगेतून येण्यास सुचवतात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. आपल्या धर्मग्रामात तशी पद्धत आहे का, ते आधी विचारावे. वर किंवा वधू बाप्तिस्मा न झालेली असेल तर विवाहविधी मिस्साविना करण्यात येतो, त्यामागेही हाच विचार आहे : अर्धे घर वेदीशी आणि अर्धे घर बाकावर, असे त्या दिवशी तरी होऊ नये. आपल्या स्नेह्यांना घरी जेवायला बोलवा आणि हे सारे पंगतीत बसून सांगा.

प्रश्न : माझी आई अंथरुणाला खिळली आहे. दर पहिल्या शुक्रवारी तिच्यासाठी ख्रिस्तप्रसाद घरी आणतात, पण सकाळी औषध आणि चहा घेतलेला असला की ती "माझा उपास मोडला" म्हणून नकार देते.
(एक वाचक, अर्नाळा)

उत्तर : आपल्या आई ज्या नियमात वाढल्या, त्यानुसार ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असेल तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. 1953 साली पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपास मोडत नाही असे ठरवले, 1957 साली उपास तीन तासांचा झाला, आणि 21 नोव्हेंबर 1964 रोजी पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच हेच पोप महोदय आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी मुंबईत आले होते. त्या वेळी आपल्या आई ओव्हल मैदानावर गेल्या होत्या का, हे त्यांना जरूर विचारा. ज्यांचा आशीर्वाद त्यांनी कदाचित त्या गर्दीत घेतला असेल, त्याच पोप महोदयांनी हा नियम शिथिल केला, हे कळल्यावर त्यांची समजूत पटण्यास मदत होईल. आजच्या नियमानुसार औषध आणि पाणी यांनी उपास मोडत नाही, आणि वृद्ध, आजारी तसेच त्यांची शुश्रूषा करणारे यांना एका तासाचेही बंधन नाही. म्हणजे आपल्यालाही नाही.

त्यांना गिळणे कठीण जात असेल तर ओस्तीचा लहानसा तुकडा पुरतो, कारण तुकड्यातही ख्रिस्त संपूर्णपणे असतो. आणि घरी ख्रिस्तप्रसाद येणे ही आजाऱ्याला दिलेली सवलत आहे, असे त्यांना वाटू देऊ नका. साधारण 155 साली संत जस्टिन यांनी रोममधील ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात सेवक अनुपस्थितांकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात, असा स्पष्ट उल्लेख आहे. येऊ न शकणारा माणूसही त्या मंडळीत मोजलेला असे.

प्रश्न : वडिलोपार्जित वाडीवरून माझा आणि थोरल्या भावाचा दावा बरीच वर्षे कोर्टात आहे. आम्ही दोघेही दर रविवारी एकाच मिस्साला असतो, दोघेही ख्रिस्तप्रसाद घेतो, पण एकमेकांशी बोलत नाही. माझी पत्नी म्हणते की हे ढोंग आहे. मी रांगेत जाणे बंद करावे का?
(एक वाचक, नाव प्रसिद्ध करू नये)

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे कडक आहे, पण ते फार जुन्या परंपरेला धरून आहे.

ख्रिस्तप्रसादाच्या स्थापनेविषयी आपल्याकडे असलेला सर्वांत जुना लिखित मजकूर संत पौलाचा आहे. सन 55 च्या सुमारास त्याने करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो येतो, आणि तो का येतो हे पाहण्यासारखे आहे. त्या लोकांची ख्रिस्तप्रसादाविषयी काही तात्त्विक शंका नव्हती. ते एकत्र जमत, पण सुखवस्तू मंडळी आपले जेवण आधीच उरकून घेत, काही उपाशी राहत, काही दारूने धुंद होत. हे ऐकून पौल लिहितो की तुम्ही जे खाता ते प्रभूभोजन नव्हेच. आणि मग त्यांना अंतिम भोजनाच्या रात्रीची आठवण करून देतो. म्हणजे प्रभूने भाकर मोडली तो प्रसंग आपल्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचला, तो एका भांडणाच्या निमित्ताने. प्रभूचे शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असे पौल तिथे बजावतो, आणि संदर्भ पाहता त्या शरीरात शेजारी उपाशी बसलेला भाऊही येतो.

पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना याच अर्थाचे प्रवचन दिले होते : वेदीवर तुमचेच रहस्य ठेवलेले आहे, तुम्ही जे आहात त्यालाच "आमेन" म्हणता, तेव्हा तुमचे "आमेन" खरे ठरेल असे वागा. आपल्या बाबतीत याचा अर्थ असा, की रविवारी आपण "आमेन" म्हणता तेव्हा काही बाकांपलीकडे उभ्या असलेल्या थोरल्या भावालाही ते म्हणत असता, मनात असो वा नसो.

आता आपल्या प्रश्नाकडे. कोर्टात दावा असणे हे पाप नव्हे. हक्क न्यायालयाकडून ठरवून घेण्यात गैर काही नाही. खोटी साक्ष देणे, कागदपत्रांत फेरफार करणे, भावाचे वाईट व्हावे अशी इच्छा मनात धरणे, त्याच्या मुलांनाही आपल्या उंबऱ्यावर येऊ न देणे, या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. यांपैकी काही आपल्याकडून झाले असेल तर प्रथम पापनिवेदन करा आणि मगच रांगेत जा. तसे नसेल, तर ख्रिस्तप्रसादापासून दूर राहून स्वतःला शिक्षा करून घेऊ नका. ज्या अन्नाने समेटाचे बळ यायचे ते सोडून समेट कसा होणार?

मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर "आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे" असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. दोष कोणाचा, वाडी कोणाची, हे तिथे विचारलेले नाही; ज्याला आठवले त्यानेच उठायचे आहे, आणि आपल्याला तर आठवले आहे, म्हणून तर आपण पत्र लिहिले. ख्रिस्तप्रसादाच्या अगोदर आपण शांतीची खूण म्हणून आजूबाजूच्यांना हात जोडतो. येत्या रविवारी आपली नेहमीची जागा सोडा आणि भावाच्या बाकावर जाऊन बसा. त्याने तोंड फिरवले तरी आपले हात जोडलेले राहू द्या आणि रांगेत त्याच्या मागे उभे राहा. वाडीच्या मोजणीचे वकिलांना पाहू दे.