छोट्या मच्छीमारांच्या गटाला मासळीवर प्रक्रिया सुरू करायची तर आधी कोणतं यंत्र घ्यावं?

यंत्र नको. आधी बर्फ आणि बर्फपेटी घ्या, आणि सगळी मासळी सुकवायच्या भानगडीत पडू नका.

एका सुकवणी गटाचा हिशेब मी तीन हंगाम लिहिलाय, त्यावरून सांगतो. माशात साधारण 70 ते 80 टक्के पाणीच. 100 किलो ओली मासळी साफ करून सुकवली की हातात जेमतेम 25-30 किलो उरते. म्हणजे सुक्याला ओल्याच्या चौपट भाव मिळाला तरी मीठ आणि मजुरी अंगावर येऊ शकते. मोठ्या, मागणी असलेल्या माशाला हे गणित क्वचितच परवडतं. तो बर्फात ठेवून ताजाच विका. सुकवायचा तो बारीक माल, किंवा एकदम भरपूर आल्यामुळे लिलावात मातीमोल जाणारा.

मातीमोल म्हणजे शिळा मात्र नव्हे. 'विकला गेला नाही, टाका वाळत' ही सवय घातक आहे. बांगडा, ट्यूना यांसारखे मासे उन्हात पडून राहिले की त्यांत हिस्टामाइन हे विषारी द्रव्य तयार होतं. मग खारवा, सुकवा नाहीतर शिजवा, ते जात नाही. म्हणून बर्फ होडीतच हवा. हवा गरम असेल तर माशाच्या वजनाइतका.

आमचा पहिला मोठा लॉट वाया गेला. जाड मासा पहिल्याच दिवशी कडक उन्हात टाकला होता. वरचा थर टणक झाला, पाणी आतच कोंडलं, हाताला मात्र खडखडीत सुका लागत होता. पिशव्या सील केल्या, आठवड्याभरात आतून घाम धरला आणि पुढच्या आठवड्यात बुरशी. त्यानंतर मासा पाठीतून चिरून उघडायचो, मीठ लावून पाणी निथळू द्यायचो आणि पहिला दिवस जाळीवर सावलीत, वाऱ्याला ठेवायचो. संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवला की रात्रीत आतली ओल बाहेर सरकते. सकाळी पुन्हा पसरायचा. एका माशाला दोरा बांधून रोज त्याचं वजन करा. घट थांबेपर्यंत पिशवीला हात लावू नका.

धुरी द्यायची असेल तर आफ्रिकेतल्या घाना देशातल्या चोरकोर नावाच्या भट्टीची रचना बघा, सरपण कमी लागतं. धुरी दिलेला ओलसर मासा व्हॅक्यूम पॅक करून बाहेर ठेवणं मात्र जिवावरचं काम आहे.

आता उचलीचं. डिझेलसाठी व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घेतले असतील तर मासळी त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने जाते. सुकवायला उरणार काय? शिवाय सुका माल भाव येईपर्यंत राखायचा तर तेवढे दिवस घर कशावर चालवायचं? सुकवणीचं शेड बांधण्याआधी गटात पैसे जमवून याची सोय करा. आम्ही हे उलट्या क्रमाने केलं आणि शेड हंगामभर रिकामं राहिलं.

आणि बायकांना विचारल्याशिवाय काही बांधू नका. जगभरच्या छोट्या मासेमारीत दर दहा जणांत चार स्त्रिया असतात आणि साफसफाई, सुकवणी, विक्री बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच हातात असते. आमच्या पहिल्या बैठकीला एकही बाई नव्हती. पुरुषांनी आपल्या उंचीने जाळ्या बांधल्या, त्यांवर मासे उलटायला बायकांचे हात पोचेनात. सगळ्या सोडून कमरेच्या उंचीवर पुन्हा बांधल्या.