पालिकेची बाग एकाच पक्षाच्या कार्यक्रमांना मिळते, आमच्या मंडळाला नाही. काय करावं?

लेखी अर्ज करा, पोच घ्या आणि नकारही लेखीच मागा; "साहेबांना विचारून सांगतो" हे उत्तर कायद्यात बसत नाही. मालवण असो, वेंगुर्ला असो की चिपळूण, नगरपरिषदेला संविधानाचं कलम १४, म्हणजे समानतेचा हक्क, लागू आहे. सरकारी लाभ मर्जीनुसार वाटता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने रमणा दयाराम शेट्टी खटल्यात १९७९ सालीच सांगितलंय. खरं हत्यार मात्र माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज. त्यात इतकंच मागा:

- मागच्या दोन वर्षांचं बागेच्या बुकिंगचं रजिस्टर
- प्रत्येकाकडून घेतलेलं भाडं आणि अनामत, पावत्यांसह
- भाडं ठरवणारा किंवा माफ करणारा ठराव

उत्तराची मुदत ३० दिवस. भाडं एकालाच माफ झालेलं दिसलं, तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. बेकायदा ठराव तहकूब करायचा अधिकार त्यांना आहे. लोकसभा-विधानसभेची आचारसंहिता चालू असेल तर काम आणखी सोपं, कारण सत्ताधाऱ्यांनी मैदानांवर मक्तेदारी करू नये, इतर पक्षांना आणि उमेदवारांनाही त्याच अटींवर ती मिळावीत, असं तिच्यात स्पष्टच लिहिलंय.

फक्त आधी जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक बघा. आपल्याकडे किनाऱ्यालगतची जागा बऱ्याचदा महसूल खात्याची, मेरिटाइम बोर्डाची (बंदरांचा कारभार बघणारं सरकारी मंडळ) किंवा वनखात्याची निघते. तसं असेल तर पालिकेत खेटे घालून उपयोग नाही, अर्ज त्या खात्याकडे करावा लागेल.