डेटा रॅममध्ये मावत नसेल तर

अख्खी फाइल वाचून ॲरेत भरायचा हट्ट सोड. तीच फाइल एममॅपने (mmap, फाइल मेमरीसारखी वापरू देणारा सिस्टिम कॉल) ॲड्रेस स्पेसमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला दिसणाऱ्या मेमरीच्या पत्त्यांमध्ये, मॅप कर. ज्या भागाला हात लावशील तो लागेल तसा, बहुतेक मशीनवर ४ केबीच्या तुकड्यांत (पेजेसमध्ये), रॅममध्ये येतो. प्रोग्रॅम मात्र ६४ बिटचाच हवा. ३२ बिटमध्ये सगळी ॲड्रेस स्पेसच ४ जीबीची.

खरी मेख डेटाच्या मांडणीत आहे. रेकॉर्ड २०० बाइटचं आणि तपासायची फक्त ८ बाइटची तारीख, असं असेल तर तारखा वेगळ्या काढून सलग ठेव. एका पेजमध्ये २० ऐवजी ५१२ तारखा बसतात, पेज फॉल्ट (हवं ते पेज रॅममध्ये नसल्याने ते आणावं लागणं) त्याच प्रमाणात घटतात. इकडेतिकडे उड्या मारत वाचलंस तर एसएसडीवरसुद्धा प्रोग्रॅम रखडतो.

आणि फाइलमध्ये पॉइंटर (मेमरीतला थेट पत्ता) कधीच साठवू नकोस, ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर) साठव. पुढच्या वेळी मॅपिंग दुसऱ्याच ॲड्रेसवर येऊ शकतं.