पोरीसाठी फिश टँक घेताय? आधी हे वाचा

ताई, तो गोल बाउल आणि दोन गोल्डफिश आणू नका प्लीज, दुकानवाला तेच गळ्यात मारणार, पण गोल्डफिश चांगला वीतभर वाढतो आणि घाणही भरपूर करतो. निदान ४० लिटरचा चौकोनी टँक आणि स्पंज फिल्टर घ्या, क्रॉफर्ड मार्केटला सगळं मिळतं. भरल्यावर नुसत्या पाण्याचंच वजन ४० किलो, त्यामुळे टीव्हीच्या हलक्या युनिटवर ठेवू नका.

आता मेन गोष्ट. टँक लावला की लगेच मासे नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो खाणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर फिल्टर चालू ठेवून चिमूटभर फिश फूड टाकत राहा (ते कुजूनही अमोनिया होतो, म्हणजे बॅक्टेरियाला खायला मिळतं), पोरगी रोज विचारेल मासे कधी, तिला टँकमध्ये झाडं लावायला द्या. म्युन्सिपाल्टीच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटीक्लोरीन टाकायचंच. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळायचा, नाहीतर बॅक्टेरिया मरतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (बॅक्टेरिया अमोनियापासून बनवतात ते, हेही माशांना विषारी) शून्य आले की ४-५ गप्पी आणा, सगळे नरच, नाहीतर पिल्लं वाटत फिराल सोसायटीभर. आपल्याकडे हीटर सहसा लागत नाही, टँक एसीच्या खोलीत असेल तर घ्या. आणि माशांच्या खाण्याचा डबा पोरीचा हात पोचणार नाही असा वर ठेवा हो!