तबेल्यावर माणसं नेमताना सुरक्षिततेसाठी काय पाहावं? कमी ऐकू येणाऱ्याला हे काम देता येतं का?

देता येतं. कमी ऐकू येणारा एक तरुण आणि दोन बायका कामाला येताहेत, त्यांना घ्यावं की धट्टीकट्टी पोरंच बरी, असं तुम्ही विचारलंय. पाचशे किलोचा घोडा बिथरला की कितीही दणकट गडी त्याला ताकदीवर थोपवू शकत नाही. उभं कुठे राहायचं आणि दोर कसा धरायचा यावर सगळं ठरतं, आणि ते कुणालाही शिकवता येतं.

घोड्याला शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने तिरकं जायचं आणि आधी आवाज द्यायचा. मागून पलीकडे जायचं तर घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर, हात ठेवून अगदी खेटून, नाहीतर तीन-चार मीटर लांबून. मधल्या अंतरात लाथ पूर्ण जोराने बसते. दोर हाताला कधीच गुंडाळू नये, घड्या घालून मुठीत धरावा. घोडा उधळला की वेढा आवळतो आणि बोटं जातात. बांधताना कडीत आधी सहज तुटणाऱ्या सुतळीचा फास घालावा आणि दोर त्या फासाला, एका हिसक्यात सुटेल अशा गाठीने बांधावा. प्लास्टिकची सुतळी नको, घोडा घाबरून खेचायला लागला तरी ती तुटत नाही. दोर हातभरच मोकळा ठेवा, लांब सोडला तर पाय अडकतो. खूर साफ करताना वाकावं; गुडघे टेकून बसलं तर पटकन बाजूला होता येत नाही.

आता त्या तरुणाविषयी. घोड्याचे मागे चिकटलेले कान, ताठ मान, फटकारणारी शेपटी हे सगळं डोळ्यांनीच वाचायचं असतं. त्याची खरी अडचण होते ती मागून कुणीतरी "सांभाळ!" ओरडतं तेव्हा. त्यामुळे हातवारे ठरवा आणि ते सगळ्यांनाच शिकवा. बोळाच्या वळणावर आरसा लावा, आगीच्या घंटेला लुकलुकणारा दिवा जोडा.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट फार थोडे मालक सांगतात. घोडीचा माज आवरायला अल्ट्रेनोजेस्ट नावाचं तेलकट औषध देतात. ते कातडीतून अंगात भिनतं आणि पाळी बिघडवू शकतं. गरोदर बाईने त्याला हात लावू नये. लेटेक्सचे हातमोजे इथे कुचकामी, नायट्राइल या कृत्रिम रबराचे हवेत. कारण न विचारता हे काम दुसऱ्याला देता येईल, असा नियमच करा. कुणाला गरोदरपण आधी जाहीर करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

हेल्मेट प्रत्येकाच्या मापाचं घ्या. जोरात आदळलेलं हेल्मेट तडा नसला तरी बदला, आतला फोम एकदाच दबतो. चारा झाडण्याआधी भिजवला तर धूळ बसते. बुरशी धरलेला सरळ टाकून द्या, तो माणसाच्या आणि घोड्याच्याही फुप्फुसांना घातक असतो.

आडमुठा घोडा नवख्याच्या गळ्यात मारण्याची वाईट सवय बऱ्याच ठिकाणी असते. ती मोडायला प्रत्येक दारावर रंगीत पाटी लावा: हिरवी म्हणजे कुणीही, पिवळी म्हणजे अनुभवी माणूस, लाल म्हणजे दोघं मिळूनच. खुराकाची मापंही त्याच पाटीवर चित्रांनी काढा, म्हणजे वाचता न येणाऱ्याकडून चुकीचा खुराक जाऊन घोड्याचं पोट दुखणार नाही.