खुर्चीवर बसून हात विसरू नये म्हणून

ताई, तुम्ही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, वॉर्ड केला, आता जळगावला विम्याच्या क्लेमच्या ऑफिसात फाइली तपासताय आणि पुढे परत वॉर्डात जायचंय तर हात बसेल का, असं विचारलंय. मी धुळ्याकडे कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढली, गॅप घेऊन परत आलेल्या खूप सिस्टर बघितल्या, म्हणून सांगते.

आयव्हीची भीती सोडा. व्हेन शोधायचं कसब रोज काम सुरू झालं की लवकर परत येतं. जाते ती नजर. बीपी अजून ठीक आहे पण पेशंट बरा दिसत नाही, हे लांबूनच कळणं. ते हळूहळू कमी होतं आणि कमी झालेलं आपल्याला कळतही नाही.

पण त्याची प्रॅक्टिस तुमच्या टेबलावरच होऊ शकते. फाइल आली की वेळ मिळेल तेव्हा डिस्चार्ज समरी झाकून ठेवा, पहिल्या दिवसाचा टीपीआर (ताप, पल्स, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट, सिस्टरच्या नोट्स तेवढ्या वाचा. पल्स 90 वरून 120 वर गेली, युरिन कमी झाली, पेशंट अस्वस्थ आहे असं लिहिलंय, तर मी ड्युटीवर असते तर डॉक्टरांना किती वाजता फोन केला असता? उत्तर मनात ठरवा आणि मगच समरी उघडा. फक्त फाइलचा फोटो नाही, घरी नेणं नाही, पेशंटचं नाव बाहेर नाही.

कॅल्क्युलेशन मात्र रोज करा. 500 एमएल 8 तासांत, एमएलला 20 थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब, हे झटक्यात आलं पाहिजे. इन्सुलिनची वायल एमएलला 40 युनिटची की 100 ची आणि हातातली सिरिंज लाल टोपीची (40 ची) की नारिंगी (100 ची), हे दोन्ही बघायची सवय मोडू देऊ नका, 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीच पट जातो, माणूस जाऊ शकतो हो.

सीपीआर वाचून येत नाही. छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा आणि 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबायची हे सगळ्यांना पाठ असतं, पण सर्टिफिकेट 2 वर्षं चालतं आणि हाताचा दाब काही महिन्यांतच बिघडतो. जवळच्या नर्सिंग कॉलेजात मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) अधूनमधून हात मारू द्या म्हणून विचारा.

अभ्यास करायचा तर आपल्याकडच्या सीझनचा करा. एप्रिल-मेमध्ये उष्माघात, पावसाळ्यात शेतातला सर्पदंश, नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. सर्पदंशात 2 एमएल रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये 20 मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठतं का बघायचं, ही टेस्ट कितीतरी जणी विसरून जातात.

जमलं तर ऑफिसची लेखी परवानगी काढून रविवारी एखाद्या छोट्या हॉस्पिटलात शिफ्ट करा, याला खरंच पर्याय नाही. त्याआधी हिपॅटायटिस बीचे 3 डोस झालेत का ते बघून टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) करून घ्या. पण प्रॅक्टिस राहील म्हणून कॉलनीत घरोघरी सलाईन लावायला जाऊ नका. आपल्याकडे जरा अशक्तपणा आला की "सिस्टर, एक बाटली लावून द्या ना" असं हक्कानं म्हणतात, ओळखीचेच असतात, नाही म्हणणं जड जातं, तरी डॉक्टरच्या ऑर्डरशिवाय नाहीच म्हणायचं. रिअॅक्शन आली तर घरात ना ऑक्सिजन ना अॅड्रिनलिन.

आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं, ऑफिसवाल्या सिस्टर नेमकं हेच विसरतात. आजच तारीख बघा, सीएनईचे (नोकरीत असताना चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे) पॉइंट कमी असतील तर आत्तापासून वर्कशॉप धरा.